टुकार गेमला फळीवर किती जागा द्यायची

आधी एक भागाकार करा. भाडं, वीजबिल आणि पगार मिळून दुकानाच्या महिन्याचा जो खर्च व्हिडिओ गेम्सच्या वाट्याला येतो, त्याला गेम्सच्या फळ्यांच्या एकूण लांबीने भागायचं. समजा नागपुरात सीताबर्डीतल्या एखाद्या लहान दुकानात हा वाटा २४,००० रुपये आहे आणि फळ्या सगळ्या मिळून ६० फूट. म्हणजे एक फूट फळी महिन्याला ४०० रुपये खाते. प्लेस्टेशनच्या गेमचा डबा साधारण साडेतेरा सेंटिमीटर रुंद आणि दीड सेंटिमीटर जाड असतो. तोंड दाखवून लावला तर तीन फुटांत सहाच डबे मावतात. पुस्तकासारखे उभे, पाठ दाखवून लावले तर साठ. पहिल्या तऱ्हेत एका डब्याला महिन्याला २०० रुपये पडतात, दुसऱ्या तऱ्हेत २०. एका नगावर दीडशे रुपये सुटत असतील, तर तोंड दाखवून ठेवलेल्या गेमचे महिन्याला दोन नग गेलेच पाहिजेत, तेव्हा कुठे जागेचे पैसे निघतात. गुंतलेल्या रकमेचं व्याज अजून यात धरलेलंच नाही.

टुकार गेम या हिशोबात दोन्हीकडून मारतो. खपला नाही तर फळी अडवतो. खपला तर गिऱ्हाईक चार दिवसांनी डबा घेऊन परत येतं, आणि पुढचा गेम घरबसल्या मागवतं. त्यामुळे अशा मालाला किती फूट द्यायचे हे डिस्ट्रिब्युटरचा माणूस दुकानात पाय ठेवण्याआधी ठरलेलं आणि लिहिलेलं असावं. समोर स्कीमचा कागद आला की भल्याभल्यांचा हात ढिला पडतो.

टुकार म्हणजे नेमका कुठला

सगळ्या वाईट गेम्सना एका मापाने मोजलं की गडबड होते. दुकानदाराच्या कामाच्या चार जाती आहेत, आणि चारींचं औषध वेगळं.

पहिला अर्धकच्चा. कंपनी मोठी, पैसा भरपूर लावलेला, पण बाजारात घाईने आणलेला. सायबरपंक २०७७ हे याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. १० डिसेंबर २०२० ला आला, जुन्या प्लेस्टेशन ४ (पीएस ४) वर इतका अडखळला की सोनीने आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढला, आणि जून २०२१ मध्ये परत घेतला. आज तोच गेम मागून नेतात. क्रिकेटवाल्यांनी ॲशेस क्रिकेट २०१३ लक्षात ठेवावा: नोव्हेंबर २०१३ मध्ये कॉम्प्युटरसाठी विक्रीला आला, चेंडू-बॅटचाच ताळमेळ नव्हता, काही दिवसांतच मागे घेऊन लोकांना पैसे परत करावे लागले. म्हणजे अर्धकच्चा माल पिकतोही आणि सडतोही. त्याला कमी नगांत घ्यायचं आणि महिनाभर थांबून पुन्हा बघायचं.

दुसरं भरताड. कार्टूनचं किंवा सिनेमाचं नाव घेतलेला, नाहीतर कुठल्या तरी कामाचा ‘सिम्युलेटर’. चालतो, बंद पडत नाही, पण तासाभरात कंटाळा येतो. हा कधीच पिकत नाही. स्वस्त असतो म्हणून खपेल असं वाटतं, आणि त्याच भरवशावर फळ्या भरतात.

तिसरा सर्व्हरवर जगणारा, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या कॉम्प्युटरशी जोडल्याशिवाय न चालणारा. इथे गेम चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा. कंपनीने सर्व्हर बंद केला की डिस्क म्हणजे चहाच्या कपाखाली ठेवायची चकती. सोनीचा कॉन्कॉर्ड २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. बॅबिलॉन्स फॉल मार्च २०२२ मध्ये आला, फेब्रुवारी २०२३ मध्ये संपला. युबिसॉफ्टचा द क्रू जवळजवळ दहा वर्षं चालला, पण ३१ मार्च २०२४ नंतर त्याची डिस्क कोणी विकत असेल तर तो गिऱ्हाइकाला रिकामा डबाच विकतो आहे.

चौथा नकली माल. त्याच्याबद्दल पुढे.

फुटांची वाटणी

साठ फुटांच्या दुकानात पहिल्या तीन जातींना मिळून सहा फूट पुरेत: भरताडाला तीन, अर्धकच्च्याला दोन, सर्व्हरवाल्याला एक. सगळे पाठ दाखवून उभे. एका गेमचे दोनच नग फळीवर, बाकी खोक्यात. तीन फुटांत साठ डबे मावतात म्हणजे भरताडाचे तीस वेगवेगळे गेम झाले, आणि खरं सांगायचं तर तेही जास्तच आहेत. नकलीला शून्य.

उंची हाही फुटांइतकाच मोठा प्रश्न आहे. मोठ्या माणसाची नजर साडेचार ते साडेपाच फुटांवर पडते, पोट्ट्यांची तीन ते चार फुटांवर. भरताडाच्या रंगीत डब्यांना तीन फुटांची फळी दिली की पोट्टं हट्ट धरतं, बाप पैसे देतो, आणि दुसऱ्या दिवशी दोघंही नाराज होऊन येतात. ही जात वरच्या नाहीतर अगदी खालच्या फळीवर टाका. तीन ते चार फुटांच्या पट्ट्यात लहान मुलांचे खात्रीचे, पेगी ३ किंवा ७ (डब्यावरचा वयाचा शिक्का) छापलेले गेम लावा. पेगी १८ तिथून दूर ठेवा.

वाटणीचा कागद गल्ल्याच्या कप्प्यात आतून चिकटवा. नवा गेम आत यायचा तर त्याच जातीचा जुना एक बाहेर. हा नियम एकदा मोडला की महिन्याभरात सहाचे बारा फूट होतात, कारण चांगला गेम विकला जाऊन त्याची जागा रिकामी होते आणि टुकार गेम आपोआप त्या जागेत सरकतो. फळी भरलेली दिसावी म्हणून कामावरची मुलं हे रोज करतात, त्यात त्यांचा दोष नाही. चांगल्या गेमची रिकामी जागा रिकामीच दिसू द्या, किंवा तिथे ‘शुक्रवारी येतोय’ अशी चिठ्ठी लावा.

मागवण्याआधी

परीक्षण वाचताना तीन गोष्टी तपासा. परीक्षण कुठल्या मशीनवरचं आहे? सायबरपंकच्या वेळी परीक्षकांना आधी कॉम्प्युटरवरचीच प्रत दिली होती आणि सगळी बोंब कन्सोलवर झाली. परीक्षणं गेम येण्याच्या किती आधी आली? विक्रीच्या दिवसापर्यंत ती दाबून ठेवली असतील तर पहिली ऑर्डर निम्मी करा. तिसरी गोष्ट गुणांची. मेटाक्रिटिक या परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या वेबसाइटवर ७५ पासून वर हिरवा, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. लाल दिसला की विषय संपला. पिवळ्यात मात्र जीव अडकतो, कारण क्रिकेट आणि कुस्तीचे गेम बहुतेक वेळा पिवळ्यातच असतात आणि आपल्याकडे तरी मागणी असते. तिथे गुणांपेक्षा तक्रारी वाचा. ‘गोष्ट कंटाळवाणी आहे’ ही तक्रार असेल तर माल परत येणार नाही. ‘सेव्ह (साठवलेला खेळ) उडतं’, ‘मॅचच्या मध्ये बंद पडतो’ असं लिहिलं असेल तर येणारच.

दरवर्षी निघणाऱ्या खेळांचं गणित तारखेचं. ईए स्पोर्ट्स एफसी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो. त्या वर्षीच्या आवृत्तीची शेवटची ऑर्डर मे महिन्यात द्या, जूनपासून एकही नग नको. ऑक्टोबरात जुनी आवृत्ती फुकट दिली तरी पोट्टे नाक मुरडतात.

आता स्कीम. ‘दहा चालू गेम्सबरोबर पाच भरताडाचे घ्या, चालू गेमवर नगामागे ६० रुपये जादा सुटतील.’ ऐकायला ६०० रुपयांचा फायदा. पण भरताडाचा एक नग ७०० ला पडला तर ३,५०० रुपये अडकले, आणि पाठ दाखवून ठेवले तरी पाच नग महिन्याला १०० रुपयांची फळी खातात. सहा महिन्यांत ६०० रुपये फिटले, ३,५०० अजून फळीवरच. अशा वेळी उलट मागणी करा: पाचाऐवजी दोन घेतो, आणि न खपलेले ९० दिवसांत परत घेण्याचं ऑर्डरवर लिहून द्या.

लिहून घ्यायच्या बाबी तीनच. किती टक्के माल परत घेणार आणि किती दिवसांत. कंपनीने भाव पाडला तर आपल्याकडे शिल्लक असलेल्या नगांवर फरकाची क्रेडिट नोट (बिलातून तेवढी रक्कम वजा केल्याचा कागद) मिळणार का. आणि सर्व्हर बंद झाला तर पूर्ण परत का. ‘बघू ना भाऊ, करून टाकू’ हे उत्तर म्हणजे नकार समजायचा. आधीच्या आर्थिक वर्षातल्या बिलाची जीएसटीसह क्रेडिट नोट पुढच्या ३० नोव्हेंबरच्या आत विवरणात दाखवावी लागते. तारीख उलटली की पुरवठादार कराचा भाग कमी करून देऊ शकत नाही आणि मग सगळा वाद तुमच्या खिशावर येतो.

परतीच्या अटीला एवढं महत्त्व का, तर १९८३ मध्ये अमेरिकेत अख्खा धंदा याच खिळ्यावर अडकून फाटला होता. अटारीच्या मशीनसाठी जो तो कॅसेट काढत होता. दुकानदारांनी न खपलेला माल परत पाठवला, तर कित्येक लहान कंपन्यांकडे पैसेच नव्हते आणि त्या बुडाल्या. मग दुकानांनी ३०-४० डॉलरच्या कॅसेट ५ डॉलरच्या टोपलीत ओतल्या, आणि शेजारचा चांगला गेम पूर्ण किमतीत घ्यायला कोणी तयार होईना. १९८५ मध्ये निन्टेन्डोने न्यूयॉर्कमध्ये आपलं मशीन आणलं तेव्हा घाबरलेल्या दुकानदारांना न विकलेला माल परत घेण्याची हमी द्यावी लागली. मशीनमध्ये कुलपाची चिप बसवली आणि बाहेरच्या कंपनीला वर्षाला पाचच गेम काढायची मर्यादा घातली. आज ऑनलाइन स्टोअरला अशी मर्यादा नसली तरी परवडतं, तिथे फळीला भाडं नाही. स्टीम या कॉम्प्युटर गेम्सच्या ऑनलाइन दुकानात २०१७ पासून १०० डॉलर भरले की कोणीही गेम लावू शकतो. तुमच्या दुकानात ती गाळणी तुम्हालाच बसवायची आहे.

आल्यावर तपासायचं कसं

एका गेमचे तीनपेक्षा जास्त नग मागवायचे असतील तर एक नग फोडून तपासा. दुकानात एक जुना पीएस ४ यासाठीच ठेवा. नवीन मशीनवर सगळंच बरं चालतं. नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन इंटरनेट बंद करा, तो गेम आधी टाकलेला असेल तर काढा, डिस्क घाला, इन्स्टॉल होऊ द्या, नवीन खेळ सुरू करून सलग तीस मिनिटं खेळा. पहिल्याच पडद्यावर ‘सर्व्हरशी जोडा’ म्हणाला तर तो तिसऱ्या जातीचा, चर्चा नको. तीस मिनिटांत दोनदा बंद पडला तर अर्धकच्चा. नंतर इंटरनेट जोडा आणि अपडेट किती जीबीचं मागतो ते बघून डब्याच्या मागे बारीक स्टिकरवर लिहा.

या शेवटच्या आकड्याकडे दुर्लक्ष होतं आणि परतीचा बराच माल इथूनच येतो. घरी वायफाय नसलेलं पोट्टं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेम चालवतं. दिवसाला २ जीबी डेटा असेल आणि अपडेट ४० जीबीचं असेल तर वीस दिवस दुसरं काहीच करता येणार नाही. त्याच्यासाठी तो गेम बिघडलेलाच आहे.

फोडलेला नग ‘उघडलेला’ म्हणूनच, कमी भावात विका. मशीनने पुन्हा प्लास्टिक चढवून नवा म्हणून देऊ नका. कोपऱ्यातली शिवण बघून जाणकार पोट्टे लगेच ओळखतात.

डबा न फोडताही बरंच कळतं. मागच्या बाजूला इंटरनेट लागतं, पीएस प्लस (सोनीची पैसे भरून घ्यायची ऑनलाइन सदस्यता) लागतं, किती जागा लागते हे छापलेलं असतं. काही डब्यांत डिस्कच नसते, कोडचा कागद असतो. निन्टेन्डो स्विच २ च्या काही गेम्सच्या डब्यावर समोरच ‘गेम-की कार्ड’ असं लिहिलेलं असतं. त्या कार्डात गेम नसतो, तो डाउनलोड करावा लागतो. असा डबा चांगल्या गेमचा असला तरी सर्व्हरवाल्या फुटात ठेवा.

बाहेर काढायचं वेळापत्रक

प्रत्येक डब्याच्या खाली पेन्सिलने आल्याची तारीख टाका. अर्धकच्च्या आणि भरताडाला ३० दिवस पूर्ण भाव. ३१ व्या दिवशी १० टक्के कमी, ६० व्या दिवशी २५, ८० व्या दिवशी परतीची मुदत बघा आणि जे परत जातं ते पाठवून द्या. ९० दिवस झाले की ४० टक्के कमी करून टोपलीत. टोपलीतही ६० दिवसांत गेला नाही तर खरेदीच्या निम्म्यात काढा. सर्व्हरवाल्याला ही पायरी लागू नाही. बंद होण्याची घोषणा झाली त्याच दिवशी फळीवरून खाली, आणि सवलतीत विकायचा मोहही नको.

भाव कमी केल्याचा स्टिकर छापील एमआरपीवर चिकटवू नका. बाजूला लावा, मूळ आकडा दिसला पाहिजे.

टोपली एकच, चाळीस डब्यांची, दुकानाच्या मागच्या बाजूला वापरलेल्या गेम्सशेजारी. दारात ठेवली की आत येणाऱ्याच्या डोक्यात पहिला भाव १९९ चा बसतो आणि मग ३,९९९ चा गेम त्याला लूट वाटते. प्रत्येक डब्यावर कारण लिहा: ‘लहान गेम, चार तासांत संपतो’, ‘अपडेटला ३५ जीबी लागतात’. कारण वाचून घेतलेला गेम सहसा परत येत नाही.

टोपलीतही न गेलेले गेम कन्सोलबरोबर फुकट द्यावेत असं वाटतं. थांबा. भेट दिलेल्या, नष्ट केलेल्या किंवा खात्यातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) जीएसटी कायद्याप्रमाणे परत करावं लागतं. जोडीचा एकच भाव लावून बिलात दोन्ही वस्तू दाखवा आणि ते कसं बसवायचं हे आधी आपल्या सीएला विचारा.

काउंटरवरचे दोन प्रश्न

“काकू, मशीनला डिस्क घालायची फट आहे ना?” आणि “घरी वायफाय आहे की मोबाइलवरच चालवता?” एवढं विचारायला दहा सेकंद लागतात. पीएस ५ ची डिजिटल आवृत्ती बिनडिस्कची असते आणि घरातल्या मोठ्यांना हे बहुतेक वेळा माहीत नसतं.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी उतरवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. बिलावर स्वतःच मुदत छापा, म्हणजे तिसाव्या दिवशी पूर्ण खेळून झालेला गेम घेऊन कोणी भांडणार नाही.

नकली माल आणि जुन्या डिस्क

टीव्हीला लावायच्या ‘हजारो गेम एकात’ म्हणणाऱ्या काड्या आणि हातातली खेळणी लहान गाळ्यांत ढिगाने दिसतात. व्हिडिओ गेमचं मशीन २०१२ च्या आदेशापासून बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) सक्तीच्या नोंदणीत आहे. मशीनवर मानकाच्या चिन्हाखाली ‘आर’ आणि आठ आकडी क्रमांक हवा. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा; कंपनीचं नाव वेगळंच निघालं तर खोकं परत. डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा नंबर नसेल तरी परत. आत भरलेले गेम चोरीचे असतील तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे.

वापरलेल्या डिस्कमध्ये टुकार गेम सगळ्यात सहज शिरतो, कारण लोक विकायला आणतात तोच जो त्यांना आवडला नाही. एका गेमचे दोन नग शिल्लक असतील तर तिसरा घेऊच नका, कितीही स्वस्त देत असले तरी. डिस्क उजेडात तिरपी धरून बघा. मधल्या भोकाजवळ तडा असेल तर नको. ब्लू-रे डिस्कचा माहितीचा थर वरच्या पृष्ठभागापासून ०.१ मिलिमीटरवरच असतो, सीडीत तो १.२ मिलिमीटर खोल असायचा. त्यामुळे सीडीच्या काळातली टूथपेस्ट आणि पॉलिशची युक्ती इथे उलटते. ओरखडा असेल तर मशीनमध्ये टाकून इन्स्टॉल पूर्ण होतो का ते बघूनच पैसे द्या.

नागपूरचं वेळापत्रक

विदर्भात शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, पुण्या-मुंबईपेक्षा उशिरा. म्हणून उन्हाळी माल काढायची सवलत १० जूनला सुरू केली तरी हातात दोन आठवडे मिळतात. तान्ह्या पोळ्याला पोट्ट्यांच्या हातात बोजाऱ्याचे, म्हणजे लाकडी बैल घरोघरी नेऊन मिळालेले सुटे पैसे असतात. टोपलीत त्या आठवड्यात २०० रुपयांच्या आतले, वयाला चालतील असे गेम वर आणा. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे टुकार मालाचे सहा फूट तीनवर आणा, ती फळी त्या दिवसांत खऱ्या गेम्सना कमी पडते.

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पश्चिमेकडच्या काचेत डबे ठेवले की प्लास्टिक आवळून डबा वाकतो आणि मुखपृष्ठाचा रंग उडतो. काचेत रिकामे डबे लावा, भरलेले आत. दुपारी ऑटोने आलेलं पार्सल लगेच उघडा; वाकलेला डबा त्याच दिवशी फोटो काढून कळवला तर परत जातो, आठवड्याने कळवला तर तुमच्याच टोपलीत पडतो.